उतरवलेली पट्टी

आषाढी एकादशीची पहाट होती, २०२५ सालची. बर्मिंगहॅममध्ये अजून शनिवारची रात्र चालू होती आणि आमच्याकडे सोलापुरात रविवार उजाडायचा होता. भाच्याने पाठवलेल्या पासवर्डच्या जोरावर मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसले होते. कानात हेडफोन, समोर गार होऊन साय धरलेला चहा. व्हिला पार्क मैदानावरचा कार्यक्रम पडद्यावर दोन तास उशिराने दाखवत होते, म्हणजे जे घडून गेले होते तेच मी जागून पाहत होते. मंचाच्या पोटातून एक काळे सिंहासन वर आले आणि त्यावर ब्लॅक सॅबथ या इंग्लिश रॉक बँडचा गायक ऑझी ऑस्बर्न बसलेला होता. वय ७६, पार्किन्सनने पोखरलेले शरीर. पाय त्याला उठू देत नव्हते, पण हात लोकांना चिथावत होते, टाळ्या मागत होते, आणि डोळ्यांत जुना खोडकरपणा अजून होता. एवढ्यात एकादशीची आंघोळ आटोपून अक्का मागे येऊन उभी राहिली. अक्का म्हणजे माझी थोरली आत्या, वय ऐंशीच्या पुढे. ओले केस पंचाने टिपत तिने माझ्या खांद्यावरून पडद्याकडे पाहिले. “काय बघायलीस गं एवढ्या पहाटे?” मी एक कान मोकळा करून म्हटले, “गाणं.” ती थोडा वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, “माणूस थकलाय की. ह्याला कुणी घरी का नेईनात?” आणि उत्तराची वाट न पाहता देवघरात गेली. थोड्या वेळाने तिकडून काकड्याचा अभंग ऐकू येऊ लागला.

तिच्या बोलण्यात टोचणी नव्हती, कळवळाच होता, आणि म्हणूनच ते वाक्य मला जास्त लागले. त्याला सरळ उत्तर होते. तो माणूस घरीच आला होता. व्हिला पार्क हे अ‍ॅस्टनमधले मैदान, आणि ज्या घरात ऑझी लहानाचा मोठा झाला ते त्याच अ‍ॅस्टनमध्ये, मैदानापासून चालत जाण्याच्या अंतरावर. जगभर फिरून झाल्यावर शेवटचा कार्यक्रम आपल्या गल्लीजवळ करायचा, असे त्याने ठरवून केले होते. त्या रात्री घरी परतण्याविषयीचे एक गाणेही तो गायला. पुढे अवघ्या १७ दिवसांनी, २२ जुलैला, तो गेला. पण अक्काच्या प्रश्नाचे खरे उत्तर हे नव्हे, हे मला त्या पहाटेही कळत होते. तिला विचारायचे होते ते वेगळेच. थकलेल्या माणसाला लोकांसमोर बसवून गायला लावणे हे बरे दिसते का? आणि ते ज्यांच्यासाठी चालले आहे, त्या माझ्यासारख्यांना त्यात नेमके काय मिळते?

गंमत म्हणजे त्याच आठवड्यात गजानन महाराजांची पालखी आमच्या शहरातून पुढे गेली होती. त्या दिंडीत अक्काहून वयस्क माणसे होती. टाळ धरलेली बोटे सुजलेली, आवाज घोगरा, पायांत फोड. अक्काने त्यांना पाणी दिले, पायांना हात लावला. त्यांना कुणी घरी का नेत नाही, असे तिच्या मनातही आले नसेल. आपल्याकडे देवाचे गाणे म्हाताऱ्याने गायले तर ते शोभते आणि गिटारवाल्याने गायले तर त्याची कीव येते. हा भेद फक्त भक्तीमुळे झाला असे मला वाटत नाही. त्यात त्या संगीताचा स्वतःचाही वाटा आहे.

आमचे जुने घर सोलापूरच्या साखर पेठेत होते. पूर्व भागात राहिलेल्या माणसाला शांततेची व्याख्या निराळी करावी लागते. भिंतीला भिंत लागून यंत्रमागाचा कारखाना, आणि त्याची खटखट इतकी अखंड की ती बंद झाली तरच लक्षात यायची. ती बंद व्हायची वीज गेल्यावर. लाईट गेली की गल्लीतले सगळे माग एकदम थांबत आणि कानांत पोकळी तयार होई. मग दादा माळ्यावरून टेपरेकॉर्डर काढायचा. माग चालू असताना गाणी ऐकण्यात अर्थच नव्हता, त्यामुळे आमचे ऐकणे वीज नसतानाचे, म्हणजे सेलवरचे. सेल महाग होते. उतरलेले सेल आम्ही गच्चीवर उन्हात तापत ठेवायचो आणि पुन्हा घालायचो. सोलापूरच्या उन्हावर आमचा एवढा विश्वास होता. तरी ते सेल अर्ध्या बाजूतच दमायचे. टेप हळू फिरू लागायची, आवाज जडावत जायचा, ढोलाचा ठोका किंचित मागे रेंगाळायचा, आणि किंचाळणारा गायक हळूहळू कुणीतरी वयस्क, समजूतदार माणूस झाल्यासारखा वाटायचा. बाहेर कारखान्यातले कामगार पायरीवर बिडी ओढत बसलेले, कढईतल्या भाजक्या शेंगदाण्यांचा वास, आणि आत काळोखात मी आणि दादा, एका गायकाला आमच्या सेलच्या ताकदीने म्हातारे करत बसलेले.

कॅसेटही मूळच्या नव्हत्या. कोऱ्या नव्वद मिनिटांच्या कॅसेटवर गाणी भरून देणारा एक दुकानदार होता. कागदावर यादी लिहून द्यायची आणि चार दिवसांनी जायचे. त्याच्याकडे जी प्रत असे तीही कुणाच्या तरी प्रतीची प्रत. गाण्याच्या मागे सतत पावसासारखी एक सरसर असे. सोलापुरात एरवी पाऊस कमीच, तो आम्ही या कॅसेटमध्ये ऐकला. ब्लॅक सॅबथ आमच्यापर्यंत पोचले ते त्यांच्या पहिल्या तबकडीनंतर दीड तपाने. १९७० साली ज्यांनी ती तबकडी काढली ते तेव्हा विशीतले होते आणि मी कॅसेट ऐकली तेव्हा ते चाळिशीकडे झुकलेले. हे गणित तेव्हा सुचले नाही. कॅसेटच्या वेष्टनावर हाताने लिहिलेली नावे होती, फोटो नव्हता. गायकाचे वय काय, तो दिसतो कसा, याचा पत्ताच नसल्याने आम्ही त्याला आमच्याच वयाचा धरून चाललो होतो.

नंतर दादा पुण्याला नोकरीला लागला आणि त्याने सीडी प्लेअर घेतला. त्यावर मी तीच गाणी पहिल्यांदा खऱ्या गतीने ऐकली. मला ती आवडली नाहीत. सगळेच फार वर, फार घाईत. लग्नघरात उगाच इकडून तिकडे पळणाऱ्या पोरासारखा तो आवाज. दादा हसत होता, म्हणाला, हेच खरे आहे, आपण ऐकत होतो ते सेल उतरलेले. त्याचे म्हणणे बरोबर होते, पण कानाला एकदा बसलेला स्वर पुराव्याने हलत नाही. पुढे मी नोकरीच्या, संसाराच्या व्यापात अडकले, गाणी मागे पडली, तरी मनात वाजायची ती साखर पेठेतल्याच पट्टीत.

जड वाजण्याचा हा प्रकार मुळात कसा सुरू झाला ते मला फार उशिरा समजले, आणि समजल्यावर ती हकिकत आमच्याच गल्लीतली वाटली. ब्लॅक सॅबथचा गिटारवादक टोनी आयोमी बर्मिंगहॅममध्ये पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. वय १७. कारखाना सोडण्याच्या शेवटच्या दिवशी त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोके यंत्रात गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात हाच. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणे बनवली, गिटारला बॅन्जोच्या बारीक तारा लावल्या, आणि पुढे १९७१च्या तबकडीत बोटांना ताण कमी पडावा म्हणून अख्खी गिटारच दीड स्वर खाली लावली. तो खोल, गढूळ, छातीत उतरणारा नाद त्यातून आला, आणि पुढच्या कित्येक पिढ्यांनी तो आवडला म्हणून उचलला. आमच्या शेजारच्या कारखान्यात एक कामगार होता, त्याचेही एक बोट असेच मागात गेले होते. तो हिशेबाला बसवला गेला, कारण दुसरे काही जमत नव्हते. मागाच्या आवाजाने त्याचे कानही गेले होते, त्यामुळे तो नेहमी ओरडून बोलायचा. ज्या शहराचे कान सकाळपासून यंत्रांनी बडवले जातात तिथल्या पोरांना मंद संतूर का आवडावी? ऑझीनेही तरुणपणी मोटारींचे भोंगे जुळवायचे काम केले होते, दिवसभर भोंगेच ऐकायचे. जुन्या मिलच्या भोंग्यावर वेळ लावलेल्या सोलापूरकराला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

मग मी त्यांना प्रत्यक्ष कधी पाहिले? ऑझीला कधीच नाही. पण त्याच २०२५च्या मे महिन्यात, १७ तारखेला, भाचा मला मुंबईला घेऊन गेला होता. महालक्ष्मी रेसकोर्सवर गन्स अँड रोझेस हा अमेरिकन रॉक बँड. वंदे भारतने सकाळी निघालो तेव्हा डब्यात बहुतेक लोक दवाखान्याच्या किंवा घरच्या कामाला निघालेले होते, आणि त्यांच्यात काळा टी-शर्ट घातलेली पन्नाशी ओलांडलेली एक बाई मी. शेजारच्या काकूंनी विचारले, “मुलाच्या कॉलेजचं काही आहे का?” मी हो म्हटले. या संगीतावरची माझी श्रद्धा इतपतच धीट आहे.

मैदानावर संध्याकाळी घामाने अंग चिकट झाले होते, आणि आजूबाजूला पाहत असताना मला आधी आमचेच वय दिसले. केसांना रंग लावलेले पुरुष, गुडघ्याला पट्टा बांधलेले, पाण्याच्या बाटलीबरोबर गोळ्यांची पट्टी बाळगणारे. एक जोडपे घरी मुलांनी जेवण गरम केले की नाही हे फोनवर विचारत होते. मध्येच विशीतली पोरे होती, ज्यांना सगळी गाणी पाठ होती आणि ज्यांना त्या गाण्यांची वाट पाहावी लागलेली नव्हती. मला त्यांचा थोडा हेवा वाटला आणि थोडा रागही. बँडचा गायक अ‍ॅक्सल रोझ आला तेव्हा ६३ वर्षांचा होता. १९८७ साली ज्या आवाजाने आमचा टेपरेकॉर्डर फाटायला आला होता, त्यातला वरचा भाग आता विरळ झाला आहे. काही जागी तो स्वरापाशी जाऊन परत येतो, काही जागी प्रेक्षकांकडे माइक करतो, आणि त्याच्या वाट्याचे आम्ही गातो. गिटारवादक स्लॅश मात्र जुन्याच टोपीत, जुन्याच संथपणे वाजवत होता. बोटे गळ्याच्या तुलनेत उशिरा म्हातारी होतात, असे दिसते. शेजारचा एक तरुण म्हणाला, “यार, आवाज गेला याचा.” मी काही बोलले नाही. मला तो आवाज गेलेला वाटतच नव्हता. मी डोळे मिटले आणि मला साखर पेठ ऐकू आली.

हे भावुकपणे म्हणत नाही, त्याला स्वराचे कारण आहे. वय झाले की स्वरतंतूंची लवचिकता कमी होते, श्वासाचा साठा घटतो, वरच्या स्वरावर टिकून राहणे कठीण होते. त्यावर या मंडळींचा साधा उपाय असतो. गाणी अर्धा किंवा एक स्वर खाली घ्यायची, लय किंचित सैल सोडायची, दोन कार्यक्रमांत विश्रांतीचे दिवस वाढवायचे. मूळ तबकडी डोक्यात घेऊन आलेल्या चाहत्याला त्यात घसरण दिसते. माझ्या डोक्यात मूळ तबकडी नाहीच. माझ्याकडे दमलेल्या सेलवरची, आधीच खाली आलेली प्रत आहे. ऐन उमेदीतला तो आवाज मी चुकवला होता, आणि आता तो उतरत उतरत माझ्या पट्टीला येऊन लागला आहे.

दादाला हे पटत नाही.

दादा माझ्याहून चार वर्षांनी मोठा आणि या सगळ्याचा मूळ पुरुष. कॉलेजात असताना तो रात्रीच्या गाडीने मुंबईला जाऊन रंगभवनात इंडिपेन्डन्स रॉक हा रॉक संगीताचा महोत्सव पाहून आला होता. घरी सांगितले होते, परीक्षेचा फॉर्म भरायचा आहे. मला नेणे शक्यच नव्हते. मुलगी आणि रात्रभराचा कार्यक्रम, हा विषय घरात काढण्याचीही सोय नव्हती. तो आला तेव्हा त्याचा घसा बसला होता आणि त्याने मला खुणा करून सगळा कार्यक्रम सांगितला. २००७ साली तो उद्यान एक्स्प्रेसने बेंगळुरूला गेला, पॅलेस ग्राउंड्सवर आयर्न मेडन हा बँड पाहायला, आणि २०११ला पुन्हा तिथेच मेटॅलिका. त्यानंतर त्याने थांबायचे ठरवले. तो म्हणतो, “माझ्याकडे ते पंचविशीतले आहेत, तसेच राहू देत.” मुंबईला ये म्हटले तर आला नाही, भाच्याला, म्हणजे स्वतःच्या मुलाला, पैसे मात्र दिले. ऑझीचा शेवटचा कार्यक्रमही त्याने पाहिला नाही. मी त्याला म्हटले की आपण त्यांना पंचविशीत पाहिलेलेच नाही, आपल्याकडे नुसता आवाज होता आणि तोही चुकीच्या गतीचा. त्यावर तो म्हणाला की म्हणूनच तर ते पंचविशीतले राहिले. हे बोलणे मला खोडता आले नाही. माझ्या मनात एक शंका अशीही आहे की त्याला गायकांचे म्हातारपण पाहायचे नाही असे नाही, तिथे उभ्या असलेल्या चाहत्यांमध्ये स्वतःला पाहायचे नाही. दोन वर्षांपूर्वी त्याच्या हृदयात स्टेंट बसवला आहे.

हृदयावरून आठवले. रोलिंग स्टोन्स या इंग्लिश बँडचा गायक मिक जॅगर, त्याच्या हृदयाची झडप २०१९च्या एप्रिलमध्ये बदलली आणि जूनमध्ये तो शिकागोच्या मैदानावर पुन्हा धावत होता. २०२४चा रोलिंग स्टोन्सचा अमेरिकेतला दौरा तिथल्या पन्नाशीपुढच्यांसाठी काम करणाऱ्या संघटनेने प्रायोजित केला होता. यावर सगळ्यांनी विनोद केले, मीही केले. पण त्यांनी १९६२ पासून जे चालवले आहे त्याला आता धंदा म्हणावे, सवय म्हणावे की व्रत, हे ठरवणे अवघड आहे. पैसा आहेच. तबकड्या विकल्या जात होत्या तेव्हा दौरा त्यांची जाहिरात होता, आता ऐकणे जवळजवळ फुकट झाल्यावर दौरा हीच कमाई. शिवाय एकेका दौऱ्यावर ट्रक चालवणाऱ्यांपासून ध्वनिव्यवस्था पाहणाऱ्यांपर्यंत शेकडो घरे चालतात. पण जॅगरला भाकरीची चिंता असेल असे वाटत नाही. फिल कॉलिन्सने २०२२च्या मार्चमध्ये लंडनला आपल्या जेनेसिस या बँडचा अखेरचा कार्यक्रम खुर्चीत बसून केला आणि ज्या ड्रमवर त्याचे नाव झाले त्यावर त्याचा मुलगा बसला होता. बापाने पुढे बसून गायचे आणि पाठीमागून आपलेच ठोके मुलाच्या हातून ऐकायचे, हे पैशासाठी कुणी करत नसावे.

या लोकांची अडचण अशी की त्यांनी तारुण्यच विकायला काढले होते. द हू या इंग्लिश बँडच्या १९६५च्या एका गाण्यात म्हातारे होण्याआधी मरण यावे, अशी इच्छा आहे. ते लिहिणारा पीट टाउनशेंड तेव्हा विशीचा होता. त्यांचा ड्रमवाला कीथ मून ३२व्या वर्षी गेला, म्हणजे ती इच्छा एकाची तरी फळली. टाउनशेंड आणि गायक रॉजर डाल्ट्री हे दोघे २०२५ साली, ऐंशी ओलांडून, अमेरिकेत निरोपाचा दौरा करत होते. निरोपाचा पहिला दौरा त्यांनी १९८२ साली केला होता. जर्मनीच्या स्कॉर्पियन्सनेही २०१०च्या सुरुवातीला निरोप जाहीर केला आणि ते पुढेही वाजवतच राहिले. ज्यांनी म्हातारपणाला शिवी दिली त्यांना ते म्हातारपण आता लोकांसमोर, दिव्यांच्या झोतात जगावे लागते. आमच्या ख्यालगायकांनी तसली शपथच घेतली नव्हती. हुबळीच्या गंगुबाई हंगल यांच्या सुरुवातीच्या तबकड्यांत आवाज बारीक, नाजूक आहे. घशाच्या शस्त्रक्रियेनंतर तो खाली गेला, पुरुषी झाला, आणि रसिकांनी तोच डोक्यावर घेतला. नव्वदी ओलांडल्यावरही त्या मैफलीत बसल्या. आवाज गेला असे कुणी म्हटले नाही, पिकला म्हटले.

भजनी मंडळातही हेच चालते. अक्का आमच्या भागातल्या महिला मंडळात वर्षानुवर्षे पुढे बसते. पूर्वी ती काळी पाचमध्ये गायची, मग काळी तीन, आता काळी एकही जड जाते. पेटीवाल्या बाई तिला न विचारता पट्टी खाली घेतात आणि बाकीच्या बायका मुकाट्याने खाली येतात, ज्यांचे गळे तरुण आहेत त्याही. ऑझी गेल्याची बातमी आली त्या दिवशी मी तिला हेडफोन लावून एक जुने गाणे ऐकवले आणि मग त्याच्या अखेरच्या कार्यक्रमातला त्याच गाण्याचा तुकडा. शब्द तिला कळण्याचा प्रश्न नव्हता. कपाळाला आठ्या घालून तिने दोन्ही ऐकले आणि विचारले, “ह्यात पट्टी उतरवली का गं त्यानं?” मी थक्क झाले. मला स्वतःला ते तपासून पाहावे लागले असते. “वाजवणारे तेच का?” तिने पुढे विचारले. मी सांगितले की मूळचे चौघे वीस वर्षांनी एकत्र आले होते. “मग बरंय. गाऊन गेला म्हणायचं.” आणि हेडफोन काढून ती भाजी निवडायला बसली. त्या एकादशीचा तिचा प्रश्न तिने मागे घेतला असे मात्र मी म्हणणार नाही. थकलेल्या माणसाला घरी न्यावे, हे तिचे मत अजून तसेच असावे.

आमच्या शहराला स्वतःचा असा एक गिटारवाला आहे. त्याचे नाव देत नाही, त्याला आवडणार नाही. ऐंशीच्या दशकात तो ऑर्केस्ट्रात होता. गणेशोत्सवात मंडळांसमोर रात्री उशिरापर्यंत ऑर्केस्ट्रा चालायचा. हिंदी सिनेमाची गाणी संपली की निवेदक पाणी प्यायला जायचा आणि त्या फटीत हा गृहस्थ अ‍ॅम्प्लिफायरचे बटण पिळून दोन-तीन मिनिटे मनाचे वाजवायचा. पुढे बसलेले आजोबा कानावर हात ठेवायचे, मागे उभी पोरे शिट्ट्या मारायची. मी पाहिलेला पहिला रॉक तोच, टिळक चौकाच्या अलीकडे, मांडवाच्या बांबूला धरून. आता तो सत्तरीला आला आहे, मुलांच्या शिकवण्या घेतो, कुणी बोलावले तर लग्नात वाजवतो. मध्यंतरी एका समारंभात दिसला. पन्नाशीतले दोघे-तिघे त्याच्याभोवती गोळा झाले आणि म्हणाले, “सर, ते मधलं वाजवा की, गणपतीतलं.” त्याने आधी नाही म्हटले. मग वाजवले, आणि मधेच एका जागी बोट अडखळल्यावर हसून तिथून वळण घेऊन पुढे गेला. नंतर जेवताना मी चौकशी केली. तो म्हणाला, “पूर्वी दहाच्या तारा लावायचो. आता आठच्या, बारीक लावतो, आणि अर्धा स्वर खाली. नायतर रात्री बोटं झोपू देत नाहीत.” आयोमीही आठच्या तारा लावायचा, हे मी त्याला सांगितले. “मला म्हाईत आहे की,” तो म्हणाला, आणि ताटातली शेंगाची चटणी संपवली.

त्याला ऐकायला जगातून कुणी येणार नाही, त्याच्या निरोपाचा दौरा निघणार नाही. पण त्या दोघा-तिघांना जे हवे होते ते मुंबईच्या मैदानावर मला हवे होते त्याहून निराळे नव्हते. भारतात रॉक वाजवणाऱ्या बहुतेकांच्या वाट्याला हेच आले आहे, थोडक्या लोकांची लांब आठवण. नंदू भेंडे मुंबईच्या रॉक बँडांत गायचे, आणि सोलापुरात शाळा शिकलेल्या जब्बार पटेलांनी १९७८ साली ‘तीन पैशाचा तमाशा’ हे नाटक बसवले तेव्हा भेंडेंनी तो आवाज मराठी रंगभूमीवर आणला. २०१४ साली भेंडे गेले. त्यांना आठवणारी माणसे अजून त्या प्रयोगातली गाणी गुणगुणतात. रॉक मशीन हा बँड, जो पुढे इंडस क्रीड झाला, त्याची पांगलेली मंडळी २०१० साली पुन्हा जमली. शिलाँगचे गायक लू माजॉ १९७२ पासून दरवर्षी २४ मेला अमेरिकन गायक बॉब डिलनचा वाढदिवस गाऊन साजरा करतात, आखूड चड्डी आणि दोन पायांत दोन रंगांचे मोजे घालून. त्यांचा जन्म १९४७चा. ही निष्ठा मला आपल्या वारीच्या जवळची वाटते, आणि अक्काला मी एकदा त्यांचा फोटो दाखवणार आहे, पण आधी चड्डीचे काय करायचे ते ठरवावे लागेल.

लंडनमध्ये २०२२च्या मे महिन्यापासून अ‍ॅबा या बँडचा एक कार्यक्रम चालतो. त्यात मूळचे चौघे मंचावर नसतात, १९७९ सालातल्या त्यांच्या रूपाच्या संगणकीय आकृत्या नाचतात. किस या बँडनेही २०२३च्या डिसेंबरमध्ये शेवटचा कार्यक्रम संपवता संपवता आपल्या आकृत्याच पुढे गात राहतील, असे जाहीर केले. दादासारख्यांसाठी ही उत्तम सोय आहे, पंचविशीतले गायक कायमचे. मला त्यात गोडी वाटत नाही. आकृतीला श्वास लागत नाही, तिला माइक आमच्याकडे करावा लागत नाही, आणि तिला आमची गरज नसेल तर आम्ही तिथे उभे राहून काय करायचे? महालक्ष्मीवर ज्या दोन ओळी अ‍ॅक्सलला झेपल्या नाहीत त्या मी गायले, त्याही बेसूर, पण त्या कुणाला तरी हव्या होत्या.

हे सगळे लिहिताना मला ऑझीच्या त्या रात्रीबद्दल अजूनही पुरते बरे वाटत नाही, हे सांगितले पाहिजे. त्याचे हात पाहून मला आनंद झाला आणि पाय पाहून शरम वाटली, दोन्ही एकाच वेळी. त्याला तिथे यायचे होते हे खरे, पण आम्हाला तो तिथे हवा होता हेही तितकेच खरे, आणि यातले कुठले आधीचे हे त्यालाही सांगता आले नसते. उद्या दादाला कुणी म्हटले की स्टेंट असू दे, एकदा ये, तर मी त्याला आग्रह करेन की नाही, हे मला ठरवता येत नाही.

भाच्याचे मात्र असले काही अडत नाही. कोण येणार, कुठे येणार, तिकिटे कधी खुली होणार, याच्या बातम्या तो सतत पाठवत असतो, आणि त्यातले निम्मे लोक माझ्याहून मोठे असतात. पुढच्या वेळी खुर्चीचे तिकीट काढ, असे मी त्याला सांगून ठेवले आहे. गायक उभा राहील की बसेल ते त्याचे तो पाहील, माझे गुडघे मला ठाऊक आहेत.